हातलाव्याचा कातळ

फार वर्षांपूर्वी, करंजघळ गावात माणसं आजच्याइतकीच चांगली होती, म्हणजे फार नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणाऱ्याने हवं तर खोटी धरावी. करंजघळचे लोकही ती खरी आहे असं सांगत नाहीत. 'असं म्हणतात' एवढंच सांगतात, आणि मग जो खोटी म्हणेल त्याच्याशी बोलणं टाकतात.

गाव घाटाच्या पायथ्याशी आणि बाजार घाटमाथ्यावर. मधली चढण अशी की शेळीलाही धाप लागावी. निम्म्या वाटेवर एक सपाट काळा कातळ होता. डोक्यावर नाचणीचं पोतं नाहीतर लाकडाचा भारा घेऊन निघालेली बाई तिथं पोचली की ओझं खाली टेकवून घाम पुशी. ओझं उतरवायला माणूस एकटा पुरतो. ते पुन्हा डोक्यावर घ्यायचं तर मात्र दुसरा लागतो. म्हणून बाया कातळावर बसून वाटेने जाणाऱ्याला म्हणत, "जरा हात लावा."

जाणारे-येणारे पुष्कळ होते. पण हात लावायची वेळ आली की एकाच्या पायात काटा मोडे, दुसऱ्याला आभाळात घार दिसे. तिसरा आधी 'तू कुणातली' म्हणून विचारी, आणि उत्तर ऐकलं की त्याचा खांदा दुखायला लागे. सकाळी टेकलेल्या बाया उन्हं डोक्यावर येईस्तोवर तशाच बसून राहत.

मग एका दुष्काळानंतर त्या कातळावर एक माणूस येऊन उभा राहिला. ताडमाड उंच, हाडकुळा, अंगावर जमिनीपर्यंत लोळणारं घोंगडं. त्याचं नाव कोंडिबा होतं, असं म्हणतात. तो कुठला आणि कुणातला हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि नको ते उत्तर आलं असतं तर भारा कुणी उचलायचा? गावाने त्याला हातलाव्या म्हटलं आणि तो प्रश्न मिटवला.

हातलाव्या एकाच जागी उभा असे. कुणी आलं की वाकून ओझं उचली, डोक्यावर नीट बसवी आणि म्हणे, "हं, निघा." याउप्पर बोलणं नाही. कुणी चतकोर भाकरी ठेवी, कुणी कांदा. कुणी काहीच ठेवत नसे, त्यालाही तो "हं, निघा" म्हणे. आणि त्याचा हात लागला की ओझं हलकं होई, असं म्हणतात. बाया तिथून पुढची चढण गाणी म्हणत चढत.

अशी बारा वर्षं गेली. शेवटच्या दोन-तीन वर्षांत हातलाव्या बुटका दिसायला लागला होता. वयामुळे माणूस खचतोच, असं गाव म्हणालं आणि आपल्या कामाला लागलं.

आता ठकूची गोष्ट. ठकू ही गावातली विधवा बाई. वीस वर्षं ती आपल्या जमिनीच्या दोन तुकड्यांतली नाचणी डोक्यावरून बाजारात नेत होती. पोत्यात किती पायल्या आहेत हे तिची मान सांगे, आणि मान कधी चुकली नव्हती. जीभही तशीच होती. फुकटचं सुख मिळालं की आधी आपलं काय गेलं ते बघावं, ही तिच्या सासूची शिकवण. सासू गेली, शिकवण राहिली.

एका सकाळी हातलाव्याने तिचं पोतं उचलून दिलं. ती वीस पावलं चालली आणि थांबली. पोतं निम्मंही लागत नव्हतं. एरवी तिला बरं वाटलं असतं. त्या दिवशी सासू आठवली. पोतं उतरवून बघावं तर पुन्हा डोक्यावर कोण देणार? म्हणून ती ते डोक्यावर तसंच ठेवून मागे फिरली, हातलाव्याच्या समोरून त्याच्याकडे न बघता खाली उतरली आणि थेट सुभानजी पाटलाच्या ओट्यावर गेली. म्हणाली, हातलाव्या हात लावताना काहीतरी काढून घेतो.

ही बातमी पाणवठ्यावर पोचायला वेळ लागला नाही. मग एकेकीला आठवायला लागलं. माझाही भारा हलका लागायचा. माझंही पोतं. बारा वर्षं ज्याचं सुख होतं, त्याचं एका सकाळीत नुकसान झालं. दुपारपर्यंत गावात न लुटलं गेलेलं घर उरलं नाही. जे घाट कधी चढले नव्हते त्यांचंही बरंच गेलं होतं.

पाटलाने ठकूचं पोतं सगळ्यांसमोर मापायला घेतलं. पायलीवर पायली भरत गेली. शेवटची पायली काठोकाठ भरली आणि वर मूठभर नाचणी उरली. दाणाही कमी नव्हता.

ठकूने ती मूठ उचलून पाटलासमोर धरली. ती म्हणाली, "पाटील, चूक माझी झाली. माल पुरा हाय. सोडा त्याला."

दुसरं एखादं गाव असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण करंजघळच्या पंचांमध्ये विचार करणारी माणसं होती. त्यांनी डोकं लढवलं की दाणे जागेवर आहेत आणि वजन मात्र गेलं आहे, त्याअर्थी या माणसाने वजनच चोरलं. दाणे चोरले असते तर एकवेळ चाललं असतं, ते घरात दडवलेले सापडतात. वजन कुठे शोधायचं? हे साधं काम नव्हे, करणीचं आहे. शेवटी ठरलं की हातलाव्याने सगळ्या गावाचं वजन परत करावं आणि दिवस मावळायच्या आत शीव ओलांडावी. नाहीतर काठ्या होत्याच.

ठकू पुन्हा मधे पडली. तेव्हा सुभानजी म्हणाला, "ठके, तू फिर्याद केलीस, तुझं काम झालं. आता न्याय आम्ही बघू."

गाव घाट चढायला लागलं. पुढे पाटील, मागे पंच, त्यामागे काठ्या आणि सगळ्यांत मागे ठकू. तिला एकच दिसत होतं. आपल्या तोंडून गेलेल्या शब्दापायी एक माणूस देशोधडीला लागणार, आणि तो शब्द आता कितीही मापून दाखवला तरी परत येणार नाही.

हातलाव्या कातळावर नेहमीच्या जागी होता. गाव येताना बघून त्याने हात पुढे केले. इतकी माणसं आणि एकाच्याही डोक्यावर ओझं नाही, हे बघून मागे घेतले.

पाटलाने आरोप सांगितला. त्याने ऐकून घेतला. पाटील म्हणाला, "खाली उतर."

"येत नाही," हातलाव्या म्हणाला.

हा उर्मटपणा गावाला सहन झाला नाही. दोन दांडग्या गड्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून ओढलं. तो हलला नाही. चौघांनी ओढलं. घोंगडं त्यांच्या हातात आलं, माणूस तिथंच राहिला. एकाने काठी उगारली, तशी ठकू पुढे घुसली आणि हातलाव्याच्या पुढ्यात बसली. बसल्यावर तिला त्याच्याभोवती साचलेला पाचोळा दिसला. तिने तो हाताने बाजूला सारला, आणि तिचा हात तिथंच राहिला.

हातलाव्याला पाय नव्हते. म्हणजे होते, पण कातळात होते. गुडघ्यापर्यंत. काळ्या दगडात दोन्ही पाय असे रुतले होते की जणू चिखलात रोवलेले वासे. भोवती फट नाही, चीर नाही.

काठी उगारलेला हात वरच राहिला. बारा वर्षांचे भारे, पोती, मोळ्या, हारे. ज्याचं जेवढं हलकं झालं होतं, तेवढं या पायांतून खाली गेलं होतं. माणूस खचला नव्हता, बुडाला होता. तो बुडत होता तेव्हा गाव त्याच्या समोरून रोज गाणी म्हणत जात होतं. हा झोपतो कुठे, पावसात कुठे जातो, जातो तरी का, हे बारा वर्षांत एकाही तोंडातून निघालं नव्हतं.

ठकूने विचारलं, "दादा, सांगितलं का नाही?"

तो म्हणाला, "घाई असायची तुम्हाला."

ठकू उठली. तिने त्याच्या बगलेत दोन्ही हात घातले, जसे भाऱ्याखाली घालतात, आणि मागे वळून म्हणाली, "जरा हात लावा."

गाव जागचं हललं नाही. पंचांपैकी एकजण हळूच म्हणाला, हा नक्की कुणातला ते आधी कळलं पाहिजे.

"तुमच्या बायकांच्या भाऱ्याला त्याने विचारलं व्हतं का?" ठकू म्हणाली.

आधी एक म्हातारी पुढे आली. मग दुसरी. मग काठ्या खाली पडल्या. शेवटी सुभानजी पाटलाने पागोटं काढून कातळावर ठेवलं आणि हात घातला. हात लागताच प्रत्येकाच्या मानेवर आपापलं जुनं ओझं येऊन बसलं, असं म्हणतात. ज्याचं जेवढं होतं तेवढंच, पण बारा वर्षांचं एकदम. बायाबापड्या ओणव्या झाल्या, गड्यांचे गुडघे वाकले. पण हात कुणी सोडला नाही, आणि हातलाव्या पाचोळ्यासारखा अलगद वर आला.

तो दोन पावलं चालला. चालता येतं याचंच त्याला नवल वाटलं. मग म्हणाला, "हं, निघतो." आणि घाट चढून गेला. माथ्यावर तो कुणाला दिसला नाही, असं म्हणतात. पलीकडच्या गावचे लोक म्हणतात की तो त्यांच्याकडे आला आणि सुखाने म्हातारा होऊन मेला. दोन्ही गावांकडे पुरावा काहीच नाही, आवाज मात्र दोघांचाही मोठा आहे.

आता पलीकडून डांबरी रस्ता झाला आहे आणि पोती टेम्पोने जातात. घाटाच्या वाटेवर गवत वाढलं आहे. कातळात गुडघाभर खोल दोन खड्डे आहेत. कॉलेजातले एक प्राध्यापक येऊन ते पाण्याने पडल्याचं सांगून गेले. गावाने त्यांना चहा दिला आणि वाद घातला नाही.

पण करंजघळमध्ये कुणी कुणाच्या ओझ्याला हात लावला, मग तो गॅसचा सिलिंडर असो, म्हाताऱ्याची खाट असो की चिखलात रुतलेली मोटारसायकल, तर आभार मानायची पद्धत नाही. "आता तुम्ही पाय उचला," असं म्हणतात. नवीन आलेल्या ग्रामसेवकाला हा अपमान वाटतो. त्याला वाटतं, काम झाल्यावर आपल्याला हाकललं. मग कुणीतरी त्याला कातळापर्यंत नेऊन आणतं. मदत करणाऱ्याने एक पाऊल टाकून दाखवल्याशिवाय करंजघळचा माणूस आपलं ओझं घेऊन पुढे जात नाही. कितीही घाई असली तरी तो थांबतो आणि समोरच्याच्या पायांकडे बघत राहतो.