घरघर कुठून शिरली?

एकदा एका ऑर्केस्ट्रात एक वादिका होती. नाव हेमांगी. कृष्णाकाठच्या एका गावात राहायची, आठवडाभर शाळेत गणित शिकवायची आणि शनिवार-रविवारी गिटार वाजवायची. बोटांत गोडवा होता आणि स्वभावात जिद्द. ही जिद्द एवढी, की फळ्यावरचं गणित सुटेपर्यंत मधल्या सुट्टीची घंटाही तिला ऐकू येत नसे. मुलं वैतागत, पण ते असो.

हौसेने तिने एक इफेक्ट्स प्रोसेसर घेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही पाटाएवढी पेटी वादकाच्या पायाशी ठेवतात. गिटारचा आवाज आधी हिच्यात जातो. तिथे त्याला घुमारा, धार, गोलाई, जे हवं ते मिळतं, आणि मग तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यात जातो. पेटी झकास होती. पण जोडली त्या दिवसापासून खोक्यातून एक अखंड घरघर येऊ लागली. वाजवताना ती लपे. हात थांबला की पिठाची गिरणी सुरू!

ऑर्केस्ट्राचे चालक भालचंद्रअण्णा. माणूस भला, पण जीभ फटकळ. एका कार्यक्रमानंतर सगळ्यांसमोर म्हणाले, "हेमांगी, लोक गाणी ऐकायला येतात. दळण घेऊन कुणी आलेलं नाही." सगळे हसले. हेमांगीचे कान लाल झाले.

तिने दुसऱ्याच आठवड्यात नॉइज गेट नावाचं एक छोटं यंत्र आणलं. त्याचं काम सोपं असतं: आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की ते आपलं दार बंद करतं. हेमांगीने ती पातळी वाढवली, वाढवली, आणि घरघर साफ बंद झाली. काय आनंद झाला तिला! पण कार्यक्रमाचं शेवटचं गाणं होतं विरहाचं. त्याच्या अखेरीस सगळी वाद्यं थांबत आणि एकट्या गिटारचा एक सूर हळूहळू विरत जाई. तो सूर जरा बारीक झाला मात्र, कात्रीने कापल्यासारखा तुटला. कुणाला वाटलं, वायर निघाली. मागून एकाने शिट्टीही मारली.

अण्णा या वेळी ओरडले नाहीत, आणि तेच वाईट होतं. शांतपणे म्हणाले, "येत्या रविवारी अखेरची संधी. नाही जमलं तर तो तुकडा कीबोर्डवर घेतो. मग गिटारचीच गरज उरत नाही, बघ."

"जमेल," हेमांगी म्हणाली. कसं जमेल, हे तिला मुळीच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर सगळं सामान रिक्षात घालून ती आबांकडे गेली. आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी जत्रांत आणि प्रचारसभांत बांबूवर कर्णे बांधले होते. आता ओसरीवर बसून जुने रेडिओ दुरुस्त करत. सोल्डरिंग तिला त्यांनीच शिकवलेलं. तिने सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, "आबा, या गेटची पातळी नेमकी कुठे ठेवू? घरघरही अडली पाहिजे आणि सूरही सुटला पाहिजे."

आबांनी ते यंत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, उठले, भिंतीतल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावून किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. एवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले! त्यांनी खोक्याचा आवाज आणखी वाढवला. घरघरीने ओसरी भरून गेली. शेजारच्या काकूंनी खिडकी आपटली.

"आबा, काय करताय! जे एक चालत होतं तेच कुलपात घातलंत? येत्या रविवारी माझा निकाल आहे!"

"म्हणूनच. आता ऐक."

"काय ऐकू? आमच्या शाळेचा वायरमन म्हणाला, अर्थिंगची पिन काढून टाका, मिटेल."

आबा खरोखर संतापले. "खबरदार! पिन काढलीस तर घरघर जाईल, आणि एखाद्या दिवशी तूही जाशील. अर्थिंगला हात लावायचा नाही. आणि त्या वायरमनला माझ्याकडे पाठव." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेवटाकडून सुरुवात कर. आधी नुसता खोका. मग एकेक पाहुणा घरात घे. कोण आल्यावर गोंधळ सुरू होतो ते बघ."

हेमांगीने सगळं सोडवलं. नुसता खोका सुरू केला, तर तो गुणी बाळासारखा शांत. पेटी जोडली आणि घरघर हजर झाली. तिने नीट पाहिलं. खोक्याचा प्लग या भिंतीच्या बोर्डात होता, पेटीचा त्या भिंतीच्या. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले, तर घरघरीतली ती जाड घूंघूं जवळजवळ नाहीशीच झाली.

"गेली, आबा!"

"पुन्हा," आबा म्हणाले. बस्स, एवढंच.

पुन्हा सोडवलं, पुन्हा जोडलं. गिटारची वायर पेटीच्या अडॅप्टरवरच गुंडाळून पडली होती. ती लांब केली, तर आणखी थोडा फरक पडला. "पुन्हा." आता घूंघूं उरली नव्हती, पण एक दाट फुसफुस तशीच होती, आणि ती काही केल्या हटेना. दिवेलागणीला ती घरी गेली. शुक्रवारी शाळेतून थेट पुन्हा ओसरीवर. बटणं फिरवली, वायरी बदलल्या, सगळं अकरा वेळा खोललं. रागाने डोळ्यांत पाणी आलं, ते तिने ओढणीला पुसलं आणि बाराव्यांदा खोलायला घेतलं. या मुलीचं मला कौतुक वाटतं ते इथे.

बाराव्या वेळी तिचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. पेटीच्या आत आवाज एकदा वाढवला जात होता. अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या भागाचं काम पेटीनेच करून टाकलेलं होतं. आणि तोच आवाज ती खोक्याच्या पुढच्या भोकात घालत होती, जिथे तो पुन्हा तसाच वाढत होता. खोक्याच्या पाठीमागे 'रिटर्न' लिहिलेलं आणखी एक भोक होतं. तिथून गेलेला आवाज पुढचा भाग टाळून थेट शेवटच्या टप्प्यात जातो.

"आबा, मागून जोडलं तर?"

आबा बशीतून चहा पीत होते. "मला काय विचारतेस? त्या खोक्याला विचार."

तिने पेटीचा आवाज शून्यावर आणला, वायर मागे जोडली आणि आवाज हळूहळू चढवला. फुसफुस उरली ती इतकी थोडी, की कान लावून शोधावी लागे. मग तिने विरहाच्या गाण्याचा तो शेवटचा सूर छेडला. सूर बारीक होत गेला, होत गेला. रस्त्यावरून भाजीवाली हाक मारत गेली, तरी तो होताच. हेमांगी हसली आणि लगेच रडली. मग दोन्ही एकदम.

आबांनी बशी खाली ठेवली.

"पोरी, त्या गेटला सूर कुठला आणि घरघर कुठली हे कळत नाही. त्याला फक्त लहान-मोठं कळतं. मोठ्याला वाट देतं, लहानाला अडवतं. तुझा तो सूर लहान होत होतच जाणारा. मग चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि चोर तरी कुठे गेला होता? तू वाजवायला लागलीस की दार उघडायचं, आणि तो सुराच्या पाठोपाठ बाहेर यायचाच. एकाने मोठ्याने सांगितलेला निरोप दुसऱ्याने पुन्हा ओरडून सांगितला, की निरोपाबरोबर पहिल्याची शिंकसुद्धा मोठी होते. तुझ्या घरघरीचं तेच झालं होतं. जिथे ती शिरते तिथे तिला गाठायचं. गेट वाईट नाही गं. सगळं झाडून झाल्यावर चिमूटभर धूळ उरते, तेवढ्यापुरतं ते ठीक."

"मग हे मला कालच का नाही सांगितलंत? आणि ते कुलूप?"

"ते यंत्र हाताशी असतं, तर बाराव्यांदा खोललं असतंस?"

हेमांगी वायरी गुंडाळू लागली. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. अण्णा सावध माणूस. त्यांनी कीबोर्डवाल्याला बजावून ठेवलं होतं, सूर तुटला की लगेच तू भर. शेवटचं गाणं आलं. एकेक वाद्य थांबलं, गिटार एकटी राहिली. हेमांगीने तो सूर सोडला आणि तारेवर बोट तसंच ठेवून उभी राहिली. सूर उतरू लागला. कीबोर्डवाल्याची बोटं पट्ट्यांवर टेकली होती. सूर आणखी बारीक झाला, आणखी, आणि तुटला नाही. कीबोर्डवाल्याने हात उचलून मांडीवर घेतले. पडद्याची खूण करायला वर गेलेला अण्णांचा हात वरच राहिला. सूर पूर्ण विरून गेला तेव्हा टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

सामान आवरताना अण्णा जवळ आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हेमांगी, बुधवारी सहाला तालीम. उशीर करू नकोस."

कटकट नको म्हणून आपणही घराघरांत असलं एक दार बसवतो, आणि सर्वांत आधी गप्प होतो तो हळू बोलणारा. ही गोष्ट कळल्यापासून जेवताना कुणाला "गप्प बस" म्हणण्याआधी मी थांबतो आणि विचारतो, "काय म्हणत होतास?"