रेजिनाबायचा सूर

"मग ओस्वाल्ड वाझच्या हातात असं काय आहे, मास्तर, जे माझ्या हातात नाही?"

इनास मास्तर केळीची सुकलेली पानं कोयत्याने उतरवत होते. ते उतरवतच राहिले.

जॉयसन रुमावने प्रश्न विचारला खरा, पण त्याला उत्तर नको होतं. "काही नाही रे बाबा, तू त्याच्या तोडीचा झालास," एवढंच त्याला ऐकायचं होतं. सात वर्षं ज्यांच्या ओट्यावर बसून तो गिटार शिकला, त्यांच्या तोंडून एकदा हे निघालं की सोमवारी निर्धास्त जायला तो मोकळा.

सोमवारी मोठं काम होतं. ओस्वाल्ड वाझ म्हणजे गिटारमधला बाप माणूस. त्याच्या जोडीला वाजवणारा गिटारवाला परदेशी निघून गेला होता आणि त्या जागेसाठी त्याने चार पोरांना वांद्र्याला बोलावलं होतं. त्यांतला एक जॉयसन. चौघांतून एकच घेणार होते. नाही घेतलं, तर जूनपासून वडिलांच्या ओळखीने भिवंडीच्या गोदामात नोकरी ठरलेली होती.

तरी पठ्ठ्याने अख्ख्या आळीत आधीच सांगून टाकलं होतं की आपलं नक्की झालं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

"त्याचे तीन कार्यक्रम ऐकले मी," जॉयसन म्हणाला. "सेकंदाला चौदा सूर काढतो. रेकॉर्डिंग हळू करून मोजले. आता माझेही चौदा निघतात."

"मोजलेस?"

"मोजले."

"बरं केलंस."

मास्तर पुढच्या केळीकडे वळले.

एवढ्याने जॉयसनचं समाधान होणार नव्हतं. वाझची सगळी गाणी आपल्याला सुरानसूर येतात, डोळे मिटून वाजवतो, आता आणखी काय करायचं बाकी आहे ते तरी सांगा, म्हणून तो मागेच लागला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग कोयता खाली ठेवून सांगितलं की उद्या संध्याकाळी क्रुसाजवळ ये. रेजिनाबाय गीत म्हणेल, माझ्याऐवजी तू साथ कर.

"आणि मग सांगाल?"

"मग विचार."

वसईच्या त्या आळीत मे महिनाभर रोज संध्याकाळी दगडी क्रुसाजवळ जपमाळेची प्रार्थना होते. घराघरांतून खुर्च्या येतात, क्रुसाला मोगऱ्याचे हार पडतात. दहा वेळा 'नमो मरिया' म्हणायचं आणि मग मरियेच्या गीताचं एक कडवं. पुन्हा दहा वेळा, पुन्हा एक कडवं. अशी पाच कडवी. प्रार्थना सांगायची रेजिनाबायने आणि गीतही उचलायचं तिनेच. ती ऐंशीच्या घरातली बाई. चाळीस वर्षं हे काम तिच्याकडे होतं, आणि तिच्या शेजारी स्टुलावर गिटार घेऊन इनास मास्तर.

म्हाताऱ्या बाईला तीन कॉर्डची साथ. जॉयसनला हसू आलं. पण गुरूचा शब्द मोडायचा कसा, म्हणून तो आपली चांगली गिटार घेऊन आला आणि तिच्या खुंट्यांजवळ सूर दाखवणारा छोटा ट्यूनर लावून बसला. सूर बरोबर लागला की त्यावर हिरवा दिवा लागायचा. सहाही तारा हिरव्या झाल्यावरच त्याने मान वर केली.

मास्तर मागच्या खुर्चीवर बसले होते.

पहिल्या दहा प्रार्थना झाल्या. जॉयसनने झोकात कॉर्ड छेडून सूर दिला. रेजिनाबायने गीत उचललं ते त्याहून थोडं खाली. असं होतंच, त्याच्या मनात आलं, वय झालं. त्याने हात जरा जोरात चालवला, म्हणजे तिला सूर सापडेल. सापडला. बाई ओढूनताणून वर आली.

दुसऱ्या दहा प्रार्थना चालू असताना त्याने तारा पुन्हा तपासल्या. एक तार केसभर उतरली होती. टुंग, टुंग करत त्याने ती हिरव्या दिव्यापर्यंत चढवली. पुढच्या खुर्चीवरच्या एका बाईने मागे वळून बघितलं. दुसऱ्या कडव्यात उंच ओळ आली तेव्हा रेजिनाबायचा आवाज फाटला.

तिसरं कडवं तिने फारच खालून धरलं. जॉयसनने मान हलवली आणि तिला कळावं म्हणून कॉर्ड परत छेडली. ती थांबली. नव्याने सुरुवात केली. मध्येच ठसका लागला…

मग ती गप्प झाली. तिच्या मागून म्हणणारी माणसंही एकेक करून गप्प झाली.

कडवं तर पुरं व्हायला हवं. जॉयसनने ते एकट्याने पुरं केलं, आणि शेवटी वाझची ती सुप्रसिद्ध धावती जागा जोडून दिली, सेकंदाला चौदा सुरांची. एकही सूर चुकला नाही. सगळी आळी टक लावून त्याच्याकडे बघत होती. जॉयसनला वाटलं, झालं काम. मास्तरांनाही दिसलं असेल.

रेजिनाबाय त्याच्याकडे झुकली.

"छान वाजवतोस, पोरा," ती म्हणाली. "मीच उगाच मध्ये आले."

मग मागे वळून तिने मास्तरांना सांगितलं की प्रार्थना मी सांगते, पण गीत आता दुसऱ्या कोणाला तरी उचलायला लाव, माझ्याच्याने होत नाही. ती रागावली नव्हती. बोलता बोलता तिने पदर घट्ट लपेटून घेतला आणि जपमाळेचा पुढचा मणी धरला.

जॉयसनने काही चूक केली नव्हती. ट्यूनर अजून हिरवाच होता. तरी त्याला फार वाईट वाटलं.

चौथ्यांदा प्रार्थना सुरू झाल्या. मागून एक हात पुढे आला.

जॉयसनने मुकाट्याने गिटार मास्तरांच्या हातात दिली आणि आपण उठून त्यांना स्टूल दिलं.

मास्तरांनी गिटारकडे बघितलंही नाही. ती मांडीवर आडवी घेऊन ते बसून राहिले. पहिली प्रार्थना झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. ते नुसते डावा कान रेजिनाबायकडे करून बसले होते. आठवीला त्यांचा हात खुंट्यांकडे गेला. एका हाताने तारा दाबून धरायच्या आणि दुसऱ्याने खुंटी थोडी सोडायची, अंगठ्याने हळूच तपासायचं, पुढची तार. शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही, इतक्या हळू.

ट्यूनरचा दिवा लाल झाला. सहाही तारांना लाल. दाखवायला त्याला सुराचं अक्षरच सापडत नव्हतं, कारण तो सूर दोन सुरांच्या मधला होता.

आणि मग जॉयसनच्या डोक्यात उजेड पडला.

इनास मास्तरांची गिटार कधी सुरात नसते, ही आळीतली जुनी थट्टा. जॉयसन तर शिष्य. गुरूचं हसं होऊ नये म्हणून शिकायला गेलं की तो आधी मास्तरांची गिटार उचलून नीट लावून ठेवायचा. सात वर्षं, दर आठवड्याला. आणि मास्तर दर वेळी म्हणायचे, बरं केलंस.

ती गिटार रेजिनाबायच्या गळ्याला लावलेली असायची.

दहाव्या प्रार्थनेला रेजिनाबाय 'आमेन' म्हणाली. त्या 'आमेन'च्याच सुरावर मास्तरांनी एक कॉर्ड हळूच वाजवली. तिने गायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंड उघडंच होतं आणि सूर समोर होता. तिने कडवं उचललं. उंच ओळ आली आणि सहज निघून गेली. मागून सगळी आळी म्हणू लागली.

मास्तर तीनच कॉर्ड वाजवत होते. गिटार वाजते आहे की नाही, हेसुद्धा कोणाच्या ध्यानात नव्हतं.

कडवं संपलं. मास्तर उठले आणि गिटार जॉयसनच्या हातात ठेवून मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

शेवटच्या दहा प्रार्थना सुरू झाल्या.

जॉयसनने ट्यूनर काढून खिशात टाकला. आता धरायचं काय? त्याने कान दिला. लहानपणापासून तो या बाईची प्रार्थना ऐकत आला होता, पण आज पहिल्यांदा ऐकली. ती सगळी प्रार्थना एकाच सुरावर म्हणायची आणि तो सूर उतारावरच्या सायकलसारखा आपोआप खाली यायचा. तिसरीपर्यंत थोडा, सातवीपर्यंत आणखी थोडा. थकल्या गळ्याला जिथे बरं वाटतं, तिथे तो जात होता.

आठवीला त्याने खुंटीला हात घातला. चौदा सूर काढणारी ती बोटं, पण एक खुंटी कधी जास्त सोडत होती, कधी कमी. पाच तारा लागल्या. सहावी काही केल्या बसेना आणि इकडे दहावी प्रार्थना संपत आली.

"आमेन."

त्याने कॉर्ड वाजवली. सहावी तार त्याने वाजवलीच नाही.

रेजिनाबायने पाचवं कडवं उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. शेवटची ओळ तिने आपल्या मनाने दोनदा म्हटली. ती दोनदा म्हणणार हे जॉयसनला कुठून कळलं कोण जाणे, पण त्याचा हात थांबला नव्हता.

प्रार्थना संपली. उकडलेले चणे वाटले गेले, पोरांनी गलका केला, माणसं खुर्च्या उचलून आपापल्या घरी निघाली. उद्या गीत कोण उचलणार, असं कोणीतरी रेजिनाबायला विचारलं. कोण म्हणजे, मीच की, असं म्हणून ती चणे खात बसली. जॉयसनच्या वाजवण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एरवी त्याला ते लागलं असतं.

गुरुशिष्य मास्तरांच्या केळीच्या वाडीच्या वाटेने चालू लागले. गिटार जॉयसनच्या पाठीवर होती.

"ट्यूनरमध्ये तो सूर नव्हताच, मास्तर."

"ट्यूनर गात नव्हता."

…

"मी सात वर्षं तुमची गिटार लावत होतो. तुम्ही एकदाही बोलला नाहीत."

"तुझा कान तयार होत होता. मला परत लावायला किती वेळ लागतो?"

जॉयसन चालता चालता थांबला. ओस्वाल्ड वाझच्या हातात काय आहे, हे त्याला आता विचारायचं होतं, मास्तरांनी तशी परवानगीही दिली होती. पण तो प्रश्न तोंडातून निघेना. तीन कार्यक्रम आपण ऐकले की नुसते मोजले, हेच त्याला सांगता येत नव्हतं. सोमवार मात्र तिथेच होता. इतर तिघेही चौदाच सूर काढत असतील. आणि नाही जमलं, तर गोदाम.

त्याला भीती वाटत होती, आणि त्याने ती लपवली नाही.

"सोमवारी त्याच्यासमोर बसलो, की सगळ्यात आधी काय वाजवू, मास्तर?"

मास्तरांनी वाडीचं फाटक उघडलं. आत जाऊन कडी लावली. मग फाटकाच्या पलीकडून म्हणाले,

"आधी त्याला बोलू दे."