केवडीच्या टाचेतली चामखीळ

एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याशी एक राजा राज्य करत होता. त्याला केवडी नावाची एकुलती एक लेक. आणि डोंगरावर राहायचा एक राक्षस. त्याला डोळे नव्हते, पण नाक? नाक सुपाएवढं! त्या नाकाने तो माणसाचं रक्त हुंगायचा. म्हणून दरवर्षी राजाच्या घरच्या लेकीने अनवाणी गावाच्या शिवेवरून चालायचं. तिची पावलं उमटली की वर्षभर राक्षस आत येऊ शकत नसे. पण वाटेत रक्ताचा एक थेंब जरी सांडला, तरी शीव फुटली!

आधी हे काम केवडीच्या आत्याबाईंचं. आता त्या थकल्या, म्हणून केवडीची पाळी आली. आणि नेमकी तेव्हाच तिच्या टाचेखाली चामखीळ उठली. मसुराएवढी, खरखरीत, आत काळे ठिपके. पाऊल टेकलं की खडा रुतल्यासारखी कळ थेट मस्तकात जायची. केवडी घाबरली. लोक म्हणतील, हिचाच पाय असा, ही कसली शीव बांधणार! तिने कुणाला सांगितलंच नाही.

मग तिने दार लावून घेतलं आणि सुरीने चामखीळ कापून टाकली. भळाभळा रक्त आलं. लगेच डोंगरावरून आवाज आला, ‘सूं... सूं...’ राक्षस हुंगत होता, बरं का! पुढे जखम भरली, पण चामखीळ परत आली. येताना शेजारी पिल्लंही घेऊन आली.

मग तिने बिबा तापवून चटका दिला. हा एवढा फोड आला. तो फुटला, रक्त आलं, आणि राक्षस अर्धा डोंगर उतरला. कडाकडा झाडं मोडली. बायांनी लेकरं घरात ओढली. राजा म्हणाला, “अरे, रक्त सांडतंय तरी कुणाचं?” केवडी परकराखाली पाय लपवून बसली.

आत्याबाईंनी मग तिला एकटीला गाठलं.

“केवडे, लंगडतेस का गं?”

केवडीला रडू कोसळलं. “आत्याबाई, माझ्यामुळे तो खाली येतोय!”

आत्याबाईंनी तिचा पाय मांडीवर घेतला, निरखून पाहिला. “अगं, मलाही झाली होती. मीही कापून बघितली होती. हिला डिवचायचं नाही. रोज थोडी थोडी झिजवायची.”

मग रोज त्या केवडीचा पाय कोमट पाण्यात भिजत घालायच्या. कातडं मऊ झालं की वज्रीने हलकेच घासायच्या, रक्त येऊ न देता. मग नदीकाठच्या वाळुंजाची साल वाटून नेमका चामखिळीवर लेप लावायच्या आणि वर चिंधी बांधायच्या. केवडीची वज्री वेगळी, चपला वेगळ्या. दुसऱ्या कुणाला लागण नको ना!

दिवस गेले, पण चामखीळ काही हलेना. वर्ष सरत आलं, तसा राक्षस तर आता शिवेबाहेर येऊन बसला. सारखं आपलं ‘सूं... सूं...’ केवडीचा हात सुरीकडे जायचा. आत्याबाई तो घट्ट धरायच्या. “थांब बाळ. अजून थोडं.” मग हळूहळू पिल्लं गळली. काळे ठिपके गेले. आणि एके सकाळी चिंधी सोडली, तर खाली गुलाबी नवी कातडी!

शिवेचा दिवस उजाडला. केवडी निघाली. राक्षस पलीकडून तिच्याबरोबर सरकू लागला. आधी त्याचा श्वास तिच्या पाठीला लागला. मग मानेला. मग त्याने नाक थेट टाचेशी आणलं. कातडी कोवळी, वाटेत काटे. केवडीचे दात वाजत होते, पण पाऊल सरळ पडत होतं. त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं. रक्त नाहीच! तेवढ्यात तिचं शेवटचं पाऊल पडलं आणि शीव जुळली. राक्षस असा ओरडला की दगड गडगडले. मग तो उठला, तो डोंगर ओलांडून पार पलीकडे गेला.

केवडी आत्याबाईंच्या गळ्यात पडली. “मी आधीच सांगायला हवं होतं.”

“सांगितलंस की,” आत्याबाई म्हणाल्या.

मग राजा, केवडी, आत्याबाई, सगळं गाव सुखाने नांदू लागलं. आणि हे बाहेर वाजतंय ना, तो वारा आहे हं. पाय पांघरुणात घ्या बघू. मिटा डोळे.