मागचं गवत

फार जुनी गोष्ट. एका रानात गव्यांचा कळप होता. वाघाचा वास आला की सगळे नर शिंगं बाहेर रोखून पिल्लांभोवती गोल उभे राहत. पण त्यांची रीत अशी, की झुंजीत हरेल त्यानं कळप सोडायचा.

थोरशिंग्या नावाच्या दांडग्या गव्यानं एकेकाला लोळवलं आणि हाकललं. शेवटी त्याचा धाकटा भाऊ तेवढा उरला होता, तोही हरला. लंगडत जाता जाता तो थांबला.

“दादा, वाघाचा वास येतोय. आजच्यापुरतं राहू दे मला.”

“हरलास ना? मग चालू लाग.”

अंधारून आलं. समोरचं गवत हललं. थोरशिंग्यानं तिकडे शिंगं रोखली.

“बाबा,” त्याच्या पोटाखालून पिल्लू कुजबुजलं, “मागचंही गवत हलतंय.”