बोटभर सावली

मुलांनो, एका पानगळीच्या जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदराची बायको. अंगावर इतके काटे, पण ती ते उगाच उभारत नसे. जरा पाचोळा वाजला की तिचा नवरा काटे फुलवून शेपटी खुळखुळवू लागे. साळू आधी कान देई, वास घेई आणि बहुतेक वेळा पुन्हा कंद उकरू लागे. "अहो, काटे काय फुकट येतात का?" एवढेच ती म्हणे.

एके दिवशी नवरा बिळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि साळू त्याच्या पायांखाली बघतच राहिली. ऊन त्याच्यावर पडत होते, पण खाली जमिनीवर त्याची सावलीच नव्हती. आटलेल्या तळ्याकाठी भर दुपारी पानांचा डाव बसतो आणि तिथे सावल्या पणाला लागतात, हे तिने ऐकले होते. (माणसे पत्त्यालाही पान म्हणतात ना? ती रीत त्यांनी इथूनच उचलली, असे जंगलातले म्हातारे सांगतात.) साळिंदर मान खाली घालून म्हणाला, "बोट बोट करून गेली गं. दर वेळी वाटायचं, बोटभराने काय होतंय!" सावली गेलेला प्राणी विरत जातो, कुणी लवकर, कुणी उशिरा, पण सातव्या दुपारनंतर तो कुणालाच दिसत नाही, हे त्या जंगलात लहान पिल्लांनाही ठाऊक होते. ती तशीच उपाशीपोटी तळ्याकडे निघाली.

तळ्याकाठी एकही किडा किरकिरत नव्हता. भेगाळलेल्या चिखलावर कोल्हा, माकड आणि एक म्हातारा तरस गोल करून बसले होते. सूर्य डोक्यावर होता, त्यामुळे सगळ्यांच्या सावल्या पायांखाली गोळा झालेल्या. तरसाची सावली मात्र तळे ओलांडून पार पलीकडच्या काठावर गेली होती. तिच्यात शिंगे होती, पंख होते, आणि अगदी वरच्या थरावर साळूच्या ओळखीचे काटे होते.

"या साळूबाई," तरस मऊ आवाजात म्हणाला. "बसा. पानं बघायला काही मोजावं लागत नाही."

डाव सोपा होता. आधी प्रत्येकाला दोन पाने मिळत. ती बघून ज्याला खेळायचे त्याने बोटभर सावली मध्ये ठेवायची, ज्याला नाही त्याने "पालथी" म्हणून पाने उलटी ठेवायची. मग तिसरे पान येई, पुन्हा बोटभर सावली पडे आणि पाने उघडत. तिन्ही सारखी म्हणजे सर्वांत भारी, त्याखाली जोडी, आणि सगळ्या पानांत पिंपळ वरचढ. एका वेळी बोटाहून जास्त सावली कुणी लावायची नाही, असा तरसाचा नियमच होता. तो आपल्या नखाने ती जमिनीवरून खरवडून घेई, आणि तेवढी जागा अंगावर गार पडे.

साळूला पहिली पाने आली साग आणि आंबा. "पालथी," ती म्हणाली. मग पळस आणि जांभूळ. "पालथी." माकड मात्र काहीही आले तरी बोट ठेवी आणि म्हणे, "तिसरं कसं येतंय, बघू तरी!" कोल्ह्याची तऱ्हा निराळी. हातात कचरा असला तरी छाती काढून तो असा काही गुरगुरे, की वाटावे तिन्ही पिंपळ याच्याकडेच आहेत. पण बोटभर सावलीपायी कोण घाबरतो? सगळे शेवटपर्यंत येत, कोल्ह्याची पाने उघडत आणि त्याची फजिती होई.

"वहिनी, इथे पानं वाळवायला आलात का?" कोल्हा खिजवून म्हणाला.

"अशी किती वाट बघणार?" तरसानेही टोमणा मारला. "कुठेही जा, पळसाला पानं तीनच."

साळूने पुढचीही पाने पालथी घातली. ऊन कलता कलता तिला पिंपळाची जोडी आली, तेव्हा मात्र तिने बोट ठेवले. नेहमीप्रमाणे सगळेच शेवटपर्यंत आले, तरससुद्धा, आणि सगळेच हरले. तरसाने आपल्या सावलीच्या वरच्या थरातून बोटे काढून दिली. त्या दिवशी साळूने नवऱ्याच्या पाठीची सावली घरी नेली. ती त्याच्याखाली पसरताच साळिंदराला जरा धीर आला.

असेच दिवस चालले. कधी जोडी येई, कधी दुपारभर नुसते पालथी-पालथी. एकदा तिची पिंपळाची जोडीही हरली आणि तिच्या कानाची सावली गेली. ती जाताना साळू रडली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चांगल्या पानांचीच वाट बघत बसली. कानाची सावली परत आली, नवऱ्याचे पोट आले, पाय आले. चौथ्या दुपारी माकडाची जागा रिकामी होती. तरीही तरसाने तिथे दोन पाने टाकली. ती आपोआप वर उचलली गेली आणि हवेतून आवाज आला, "बघू तरी!" साळूचे काटे पहिल्यांदा मनाविरुद्ध उभे राहिले. सहाव्या दुपारी कोल्ह्याच्या जागेवर नुसते गुरगुरणे उरले होते.

सातव्या दुपारी एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे साळिंदराच्या शेपटीची सावली, जेमतेम बोटभर. ऊन कलले तरी साळूला जोडी आली नव्हती. तरसाने शेवटची पाने टाकली. साळूने बघितली, पिंपळ आणि पळस. इतक्यात तरसाच्या सावलीतून खुळखुळ ऐकू आली, अगदी तिच्या नवऱ्याची, घाबरला की करायचा तशी.

"एकच बोट राहिलंय गं," तरस कुजबुजला. "एक पिंपळ तर आहेच की तुझ्याकडे. तिसरं पानही पिंपळाचंच येईल. बघ तरी."

साळूचा पंजा पुढे गेला. तिला नवऱ्याचा केविलवाणा चेहरा दिसला. मग तिला वाटले, हे बोट गेले की ते सोडवायला आपण दुसरे ठेवू, आणि त्याच्यासाठी तिसरे. तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. तिथली दोन पाने हवेत थरथरत होती.

"पालथी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

तरसाने आपली पाने उलटून दाखवली. पिंपळ, पिंपळ. तो हसला नाही, रागावलाही नाही. "उद्या या," एवढेच म्हणाला. साळू उठली आणि मागे न बघता घराकडे चालू लागली. वाटेत ती खूप रडली.

बाकीची सारी सावली परत आली होती, म्हणून साळिंदर वाचला. धडधाकट झाला, कंद उकरू लागला. फक्त त्याची शेपटी मुकी झाली. कितीही हलवली तरी वाजत नसे. कधी टळटळीत दुपारी तळ्याकडून खुळखुळ ऐकू येई, आणि साळिंदर झोपेतून उठून बसे. "अगं, माझीच शेपटी ती. एकदाच जाऊन येतो. बोटभराचाच तर प्रश्न आहे."

साळू डोळेही उघडत नसे. "अहो, पालथी," ती म्हणे आणि बिळाच्या तोंडाशी आडवी होई.

तात्पर्य : हाती भक्कम पाने नसतील तर ती पालथी घालण्यात कमीपणा नाही, "बोटभराने काय होतंय" म्हणत जो प्रत्येक डाव खेळतो, त्याची सावली बोटाबोटानेच संपते.