टिपरूचा हरवलेला ‘ये’

नदीकाठी होती एक टिटवी. तिचं पिल्लू टिपरू.

टिटव्यांची एक रीत होती. प्रत्येक पिल्लाला चोचीत धरायला एक शब्द मिळायचा. इवलासा शब्द: ‘ये’. पिल्लू म्हणालं ‘ये’, की आई आलीच. भुर्रर्र!

एकदा आई गेली नदीपलीकडे. टिपरूला दिसला किडा. किडा खायला त्यानं ‘ये’ खाली ठेवला. ठेवला कुठे? खेकड्याच्या बिळापाशी! अरे वेड्या! ‘ये’ घरंगळला, फटीतून आत गेला. गुडूप!

आता आईला बोलवायचं कसं? टिपरूला रडूच आलं.

“खेकडेदादा, खेकडेदादा, माझा ‘ये’ द्या.”

“माझ्या दारात धोंडा. बाहेर येऊ कसा? म्हशीला सांग.”

टिपरू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

“म्हशीबाई, म्हशीबाई, धोंडा हलवा.
खेकडा ‘ये’ देईना,
आई कशी येणार?”

“हं! आधी गवत. गवत कापणाऱ्या सगुणामावशीला सांग.”

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

“मावशी, मावशी, गवत दे.
म्हैस धोंडा हलवीना,
खेकडा ‘ये’ देईना,
आई कशी येणार?”

“अरे लेकरा, विळा बोथट झालाय. दगडू लोहाराला सांग.”

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

“दगडूदादा, दगडूदादा, धार लावा.
मावशी गवत देईना,
म्हैस धोंडा हलवीना,
खेकडा ‘ये’ देईना,
आई कशी येणार?”

“कशी लावू बाबा? आमची बनी रडतेय. ती हसली, की लावतो.”

बनी झोळीत होती. नाक लाल, गाल ओले. “ट्यँऽ ट्यँऽ!”

“बनीताई, बनीताई, हस ना गं.
लोहार धार लावीना,
मावशी गवत देईना,
म्हैस धोंडा हलवीना,
खेकडा ‘ये’ देईना,
आई कशी येणार?”

बनी कुठली ऐकतेय! “ट्यँऽ ट्यँऽ!”

टिपरूला आला राग. त्यानं पाय आपटला. टुणुक! दुसरा आपटला. टुणुक! दोन्ही एकदम आपटले. धप्प! टिपरू पाठीवर, पाय आभाळात.

बनी बघतच राहिली. आणि मग हसली. खुदुखुदु खुदुखुदु!

बनी हसली, दगडूदादानं धार लावली. खस् खस्!
धार लागली, मावशीनं गवत दिलं. सर्र सर्र!
गवत मिळालं, म्हशीनं धोंडा हलवला. गडगड गडगड!
धोंडा हलला, खेकडा बाहेर आला. तुरुतुरु!

“घे बाबा तुझा ‘ये’. केवढासा हा! आणि केवढी धावपळ!”

टिपरूनं ‘ये’ चोचीत धरला. छाती फुगवली. नदीकडे तोंड केलं.

“येऽऽऽ!”

नदीपलीकडून आवाज आला. भुर्रर्र!

आई आली! आई आली!

एवढुसा शब्द, अख्खी आई घेऊन आला.

टिपरू पंखाखाली,
गोष्ट इथे झाली.