बसले त्यांना बसू दे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. चुकलं तर समजून घ्या, पण गोष्ट पुरती ऐका. हल्ली तिचं फक्त गाणं उरलंय. लग्नात ते वाजलं की सगळे हसत नाचतात. ते रागातून जन्मलं, हे कुणी सांगतच नाही.

फार फार मागं, आमच्या करंजवेळच्या किनाऱ्यावर धर्मी नावाची कोळीण राहायची. पावसाळा होता, दर्या बंद होता, चूल थंड होती. म्हणून तिचा नवरा पोशा ओहोटीला चालत दूरच्या खडपावर, पाण्यातल्या खडकांवर, कालवं काढायला गेला. तिथं त्याचा पाय कपारीत अडकला, आणि भरती लागली.

धर्मी धावत पुरुषांकडे आली. ते किनाऱ्यावरच्या कातळावर बसून जाळी विणत होते.

"होडी काढा रं! माझा माणूस बुडतोय!"

गोमा पाटलानं मानही वर केली नाही. "पुनवेचा नारळ वाहिल्याबिगर होडी पाण्यात जायची नाय. दर्या कोपंल."

"मग आम्ही बायका काढतो."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "बाईचा हात लागला तर होडी बाटंल. जा, म्हावरं सुकव."

"पावसात म्हावरं सुकवू? अक्कल कुठं सुकत घातलीस रं मेल्या?"

तिनं होडीचा दोर खांद्यावर घेतला. एकेक करत साऱ्या बायका दोराला लागल्या. होडी हलेना. धर्मीच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण बाहेर पडलं ते गाणं, असं म्हणतात.

"लाव गं बाय, हात लाव,
बसले त्यांना बसू दे.
आपल्या जोरानं हलंल नाव,
हसले त्यांना हसू दे."

गाणं ऐकून दर्याच वाळू चढून वर आला आणि त्यानं होडी उचलून घेतली, असं म्हणतात. पोशाच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. धर्मीनं वल्ह्यानं कपारीतला धोंडा उचकटला आणि त्याला होडीत ओढलं. दर्या कोपला नाही. पण पुरुष बसले होते तिथं कातळाला खळगे पडले. ते अजून आहेत, त्यांत कुणी बसत नाही.

तेव्हापासून नारळी पौर्णिमेला पहिल्या होडीचा दोर बायका ओढतात आणि धर्मीआयचं नाव घेतात. पुरुष मागं, हात बांधून उभे.

यंदा आदल्या संध्याकाळी गावच्या उत्सव मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "बायकांनी स्टेजवर माइकवर गावं. दोर पोरं ओढतील, व्हिडिओत बरं दिसतं." टाळ्या पडल्या. माझे कान तापले. मला चारचौघांत बोलता येत नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी किनाऱ्यावर गेलो. पोरं आली तेव्हा दोर माझ्या हातात होता. अध्यक्ष ओरडले, "ए, सोड तो!" मी सोडला नाही. आई बायकांना घेऊन आली, तेव्हा दोराचं पुढचं टोक तिच्या हातात दिलं आणि मागं जाऊन हात बांधून उभा राहिलो.